घोडा, एक नग

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. मला शेपूट नाही, आयाळ नाही, आणि उभ्या आयुष्यात मी एक पाऊलही चाललेलो नाही. माझे चारही पाय कारखान्याच्या फरशीत बोल्टांनी आवळलेले आहेत. त्यांच्यावर लांब पोलादी पाठ आहे आणि पाठीच्या एका टोकाला बिडाचे जाडजूड गोल पिंप. गाडीचे इंजिन दुरुस्त झाले की ते साखळीने उचलून माझ्या पाठीवर चढवतात. तिथे त्याची परीक्षा होते.

ही परीक्षा कशी घेतात ते सांगतो. पिंपात पाणी असते आणि त्या पाण्यात एक पात्यांचे चाक असते. इंजिन त्या चाकाला जोडून सुरू केले की चाक पाणी घुसळू लागते. तुम्ही बादलीत हात बुडवून जोराने फिरवून बघा. पाणी हाताला अडवते. तसेच पिंपातले पाणी इंजिनाला अडवते. तोटी उघडून जितके पाणी आत सोडावे तितका भार वाढतो. माणसांनी भरलेली गाडी घाट चढते तेव्हा इंजिनाला जी ओढ बसते, तीच ओढ मी एका जागी उभा राहून त्याला देतो. मोकळे चालताना सगळीच इंजिने गुणी बाळासारखी वागतात. खोट असली तर ती भारावर बाहेर पडते.

मला दादांनी बनवले. दादा म्हणजे या कारखान्याचे पहिले मालक. लष्कराच्या गाड्यांची इंजिने दुरुस्त करण्याचे काम त्यांना नुकतेच मिळाले होते. माझे पाय एका मोडीत निघालेल्या क्रेनचे आहेत, पाठ पाडलेल्या पुलाच्या तुळईची. पिंप मात्र दादांनी नवे ओतून घेतले. पहिले इंजिन माझ्यावर चढले तेव्हा छपराचे पत्रे थडथडले. मागच्या घरातून दादांच्या पत्नी कणकेचे हात घेऊन धावत आल्या आणि म्हणाल्या, "हा काय घोडा नाचवताय घरामागे?" तेव्हापासून मी घोडा. दुसऱ्या नावाने मला कोणी हाक मारली नाही.

सुरुवातीच्या काळात एकदा रुग्णवाहिकेचे इंजिन आले. ते न्यायला आलेल्या माणसांना घोड्यावर बसून आल्यासारखी घाई होती, आणि इंजिन मात्र घोड्यावर चढवायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. दादांनी भिडेखातर ते तसेच जाऊ दिले. वर बर्फाच्या चढावर ते इंजिन जाम झाले. गाडीत आजारी सैनिक होते. दुसरी गाडी पोहोचेपर्यंत त्यांतल्या एकाचा पाय थंडीने गेला.

तो सैनिक पुढे एकदा कुबडी घेऊन कारखाना बघायला आला. भांडायला नाही, नुसता बघायला. दादांनी स्वतःची खुर्ची त्याला दिली. त्यांची लहान मुलगी दारात उभी राहून हे सगळे पाहत होती. त्यानंतर कितीही मोठा साहेब आला तरी माझ्या पाठीवर पूर्ण भार सोसल्याशिवाय एकही इंजिन फाटकाबाहेर गेले नाही.

मित्रांनो, ती माझी उमेदीची वर्षे होती. लष्कराचे तपासनीस यायचे, तेव्हा काळ्या असलेल्या मिशांवरून बोट फिरवत माझ्या भार दाखवणाऱ्या काट्याकडे बघत उभे राहायचे. इंजिनाचा धूर निघायची नळी तापून लाल व्हायची, पिंपातून कढत पाणी वाहायचे, आणि मी जागचा हलत नसे. "पक्का आहे," एवढेच ते म्हणायचे. मला ते पुरायचे.

दादा गेले आणि कारखाना त्यांच्या मुलीकडे आला. सगळे तिला ताई म्हणतात. आमचे मोठे मिस्त्री तिला लहानपणापासून ओळखत असल्याने ताई म्हणून शिवाय 'तू'ही म्हणतात. ताईंचे धाकटे दीर कारखान्याचे कागदपत्र सांभाळतात. ताईंचे ते भावजी, म्हणून आता सगळ्यांचेच भावजी. त्यांचे अक्षर मोत्यासारखे आहे आणि त्यांची एक सवय आहे: जे सांगितले तेच लिहायचे, पदरचा शब्द घालायचा नाही.

काळ बदलला होता. पूर्वी लष्करी खाते काम देई ते ओळखीवर आणि अनुभवावर. आता दर काही वर्षांनी निविदा निघत. इच्छुकांनी आपली माहिती लिहून पाठवायची, खात्याने कागद वाचून गुण द्यायचे, आणि ज्याला जास्त गुण त्याला काम. यात चूक काहीच नव्हते. त्या वर्षी भावजी आमची पहिलीच निविदा भरायला बसले तेव्हा मिस्त्री माझ्या पोटाखाली आडवे पडून नट आवळत होते.

"मिस्त्री, यंत्रं काय काय लिहू?"

"लेथ दोन. ड्रिल एक. पंप तपासायचं टेबल एक. घोडा एक."

"घोडा कसा लिहू?"

"घ ला काना मात्रा, ड ला काना. शाळेत गेला होतात ना, भावजी?"

भावजींनी हसत हसत लिहिले: घोडा, एक नग.

निकाल आला तेव्हा जेवणाची सुट्टी होती. काम एका मोठ्या कंपनीला मिळाले होते. ताई कागद घेऊन माझ्यापाशी आल्या. सगळे डबे उघडून बसले होते.

"घोडं अडलं कुठे?" मिस्त्रींनी विचारले.

"घोड्यावरच," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी वाचून दाखवले. चाचणीची सोय: शून्य गुण. शेरा: यादीत एक घोडा दाखवला आहे, चाचणीचे यंत्र आढळले नाही.

कोणी हसले नाही. भावजींनी डब्याचे झाकण लावले. "वहिनी, माझी घोडचूक झाली."

"तुमची एकट्याची नाही. मी वाचून सही केली. मलाही त्यात काही खटकलं नाही. आपल्याकडे घोडा म्हणजे दुसरं काही असतं, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही."

ताईंच्या जागी दुसरे कोणी असते तर नशिबाला बोल लावून गप्प बसले असते. लष्कराचे काम गेले म्हणजे कारखान्याचे बहुतेक सगळे कामच गेले. पण निवडीवर हरकत घेण्यासाठी एक तक्रार मंडळ असते, आणि हरकतीची मुदत अजून संपली नव्हती. दुसऱ्याच दिवशी ताईंनी वकीलबाईंना बोलावले.

वकीलबाई ठेंगण्या, रोखठोक. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "आधीच सांगते. चूक तुमची आहे आणि ती मी लपवणार नाही. बाकी काही सापडतं का ते पाहू."

हरकत दाखल झाली. मंडळाने निकालापर्यंत काम कोणालाच द्यायचे नाही असे ठरवले, आणि खात्याला आपली बाजू मांडायला सांगितले. खात्याच्या उत्तराची प्रत घेऊन वकीलबाई परत आल्या तेव्हा त्यांची चाल बदललेली होती. निविदेची अट अशी होती की चाचणीची सोय अर्ज करण्याच्या दिवशी जागेवर असली पाहिजे. मोठ्या कंपनीने नुसता नकाशा जोडला होता. नकाशा नीट कळेना म्हणून खात्याने कंपनीला खुलासा विचारला. काम मिळाले की उभारू, असे कंपनीने कळवले. त्यावर तिला पूर्ण गुण मिळाले.

"म्हणजे कागदावरच्या यंत्राला पैकीच्या पैकी आणि या लोखंडाला भोपळा," मिस्त्री म्हणाले. "यानं त्यांचं काय घोडं मारलं होतं?"

"आपले मुद्दे दोन," वकीलबाई म्हणाल्या. "अट सगळ्यांना सारखी लावा. आणि त्यांना विचारलंत, तर आम्हाला का नाही?"

मिस्त्री जरा जवळ सरकले. "बाई, मी काय म्हणतो, एक पितळी पाटी करू. 'इंजिन चाचणी यंत्र.' चार दिवस ओल्यात ठेवली की जुनी दिसेल. घोड्याच्या छातीवर ठोकून टाकू."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावले. "ती पाटी लागली तर मी आत्ता उठते."

"पाटीबिटी काही नाही," ताई म्हणाल्या. "घोडा आहे, तर घोडाच म्हणायचं. मंडळासमोरही."

मग वाट पाहण्याचे दिवस आले. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात वाईट दिवस. इंजिने येईनाशी झाली. माझ्यावर ताडपत्री पडली, ताडपत्रीवर गॅस्केटचे रिकामे खोके, खोक्यांवर कोणाकोणाचे भिजलेले कोट. काही फिटर दुसरीकडे कामाला लागले. जे राहिले त्यांचे लक्ष लागेना. अशा वेळी एक साधी गोष्ट सगळेच विसरले: माझ्या पिंपातले पाणी काढून टाकायचे. मला बोलता येत नव्हते. आतल्या चाकावर गंज हळूहळू चढत गेला आणि मी तो सोसत राहिलो.

एके सकाळी मोठ्या कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणे. त्याने ताडपत्रीचे टोक उचलून मला पाहिले.

"ताई, भांडणात दोघांचंही नुकसान. हा स्टँड आम्हाला द्या. तुमची माणसंही घेतो आम्ही. तुम्ही फक्त हरकत मागे घ्या."

"तुमच्याकडे आहे ना स्टँड? पूर्ण गुण मिळालेत तुम्हाला."

"एक जास्तीचा असू दे की."

"आधी पहिला तर असू दे."

मिस्त्री कोपऱ्यातून म्हणाले, "नेणार असाल तर टेप लावून दार मोजून घ्या, साहेब. हा आधी उभा राहिला, भिंती मागनं बांधल्या."

तो माणूस हसत निघून गेला, पण त्याचे बोलणे मागे राहिले. त्या दुपारी दोन फिटर ताईंसमोर येऊन उभे राहिले. दोघेही घरसंसाराची माणसे. एक म्हणाला, "ताई, राग मानू नका. आमची सोय होत असेल तर घ्या ना मागे. उद्या आपण हरलो तर हेही नाही आणि तेही नाही."

ताईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही जा. मी अडवणार नाही, आणि चांगलं काम करता असं लिहूनही देईन. पण हरकत मागे घेणार नाही. भारावर न चालवलेलं इंजिन बाहेर गेलं की काय होतं, ते मी कुबडी घेऊन आपल्या दारात आलेलं पाहिलंय. त्यांच्याकडे आज यंत्र नाही. पण आपण मागे हटलो की इंजिनं मात्र आज जायला लागतील."

ते दोघे कंपनीकडे गेले, आणि कंपनीने त्यांना ठेवून घेतले. जाताना एकाने माझ्या पाठीवर थाप मारली. मला त्याचा राग आला नाही.

शेवटी मंडळाच्या अध्यक्षा जागा बघायला स्वतः आल्या. बरोबर लघुलेखक होता, गुण देणारे खात्याचे अधिकारी होते, कंपनीचा तो इस्त्रीवाला होता, आणि खात्याच्या बाजूने सांगायला आणलेले, आता मिशा पांढऱ्या झालेले ते तपासनीसही होते. सगळे माझ्याभोवती उभे राहिले. अध्यक्षांनी आधी अधिकाऱ्यांना विचारले, शून्य कशावरून दिले?

अधिकारी साधे गृहस्थ होते. ते म्हणाले, "मॅडम, आमच्या कचेरीत घोडा म्हणजे वरच्या फळीवरच्या फायली काढायची शिडी. मला वाटलं, यांनी शिडीसुद्धा यादीत घातली. एवढे प्रामाणिक लोक, असंही वाटलं."

"आणि विचारावंसं नाही वाटलं?"

"शिडीबद्दल काय विचारणार?"

अध्यक्षा तपासनीसांकडे वळल्या. "तुम्ही इथे वर्षानुवर्षं येताय. इंजिन कसं तपासता?"

तपासनीस ताठ उभे राहिले. "सोपं आहे. जोडणी झाली की तेल बघतो. मग म्हणतो, घोड्यावर घ्या, आणि पूर्ण भार देऊन..."

ते थांबले. मागे कोणाला तरी खोकल्याची उबळ आली. मला वाटते ते मिस्त्रीच असावेत.

"म्हणजे, चाचणीच्या स्टँडवर," तपासनीसांनी दुरुस्ती केली.

"आधी म्हणालात तेच लिहून घेऊ," अध्यक्षा लघुलेखकाला म्हणाल्या.

इस्त्रीवाला पुढे आला. "मॅडम, यांना शब्द माहीत असेल. पण कागदावरची चूक ती चूकच राहते."

"बरोबर आहे तुमचं," अध्यक्षा म्हणाल्या, आणि निघाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. भावजींनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

आदेश आला तो वकीलबाईंनी माझ्याशेजारी उभे राहून वाचला. कारखान्याने यादीत न कळणारा शब्द लिहिला, ही कारखान्याची चूक. परंतु एका अर्जदाराला खुलासा विचारायचा आणि दुसऱ्याला विचारायचा नाही, अट एकाला लावायची आणि दुसऱ्याला माफ करायची, ही खात्याची चूक, आणि ती अधिक मोठी. निवड रद्द. दोघांनाही एकच प्रश्न विचारावा: अर्जाच्या दिवशी असलेली चाचणीची सोय ठरल्या मुदतीत चालवून दाखवता का?

मिस्त्रींनी टोपी उडवली. ताईंनी ताडपत्री ओढून काढली आणि आतले चाक बाहेरच्या दांड्याला धरून फिरवून पाहिले. ते हलले नाही.

मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. ज्या घोड्यासाठी एवढी लढाई केली, तो ऐन वेळी जाम होता. मिस्त्रींनी पिंपाच्या तळाची तोटी उघडली, तर आतून तांबडे पाणी आले. ते खाली बसले. "ताई, हे माझं काम होतं गं. पाणी काढायचं माझ्याकडनं राहिलं."

"पुढचं सांगा. मोकळं कसं करायचं?"

"खोलायला लागेल सगळं. माणसं कुठायत?"

"ही काय," ताई म्हणाल्या. त्यांनी हातातले घड्याळ काढून खिशात टाकले आणि लांब दांड्याचा पाना उचलला. भावजींनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. ज्या हातांनी आयुष्यभर फक्त पेन धरले, त्या हातांनी ते गंजलेली पाती रॉकेलने घासत बसले. त्यांना काम जमत नव्हते. मिस्त्री त्यांना टोमणे मारत होते आणि ते घासत होते. एक बोल्ट तुटला. तो भोक पाडून काढावा लागला. बेअरिंग गेले होते. वकीलबाईंनी आपल्या गाडीतून दुसऱ्या गावाहून नवे आणून दिले आणि वर म्हणाल्या, हे माझ्या कामात बसत नाही. कंपनीकडे गेलेल्या दोघांपैकी एकजण सुट्टीच्या दिवशी आला, माझ्या पोटाखाली शिरला आणि संध्याकाळी निघून गेला.

चाक फिरले तेव्हा ताईंच्या कोपरापर्यंत काळे तेल होते. त्यांनी ते चाक एका बोटाने पुन्हा फिरवून पाहिले, मग आणखी एकदा.

मुदत भरली. कंपनीच्या आवारात तोवर पायाचा एक खड्डा खणलेला होता. त्यांनी आणखी वेळ मागितला आणि तो मिळाला नाही. आमच्याकडे तेच अधिकारी आले, ज्यांनी मला शून्य दिले होते. मिस्त्रींनी त्यांना सुनवायला एक खास वाक्य आठवडाभर घोटून ठेवले होते.

इंजिन चढले. सुरू झाले. तोटी उघडत गेली, काटा वर सरकत गेला, पत्रे थडथडू लागले. अधिकारी कान झाकून लांब उभे होते. मग ते एकेक पाऊल जवळ आले. हे पाणी कशासाठी, त्यांनी ओरडून विचारले. मिस्त्रींनी सांगितले. हा काटा काय दाखवतो? तेही सांगितले. हा आवाज बरोबर आहे का? नळी लाल झाली तरी चालते का? बंद कसे करतात? ते विचारत गेले आणि मिस्त्री सांगत गेले, आणि ते घोटलेले वाक्य कुठल्या कुठे राहून गेले. शेवटी अधिकाऱ्यांनी बाहेर पडणाऱ्या पाण्याला बोट लावले आणि झटकन मागे घेतले. "बरंच तापलंय की," ते म्हणाले, आणि ते बोट तसेच वर धरून त्यांनी दुसऱ्या हाताने गुण लिहिले.

काम आम्हाला मिळाले, पुढच्या निविदेपर्यंत. तेव्हा कदाचित कंपनीचे यंत्रही उभे असेल. असावेच, जितकी इंजिने भारावर तपासून जातील तितके बरे. गेलेल्यांपैकी काही फिटर परत आले, काही आले नाहीत. ताई आता दर सुट्टीच्या आधी माझ्या पिंपातले पाणी स्वतः काढून टाकतात.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. तुमच्या घरात, शाळेत, कारखान्यात जे यंत्र मुकाट्याने राबते, ते बंद असतानाही त्याची विचारपूस करा. त्याला तेल द्या, त्याच्यातले पाणी काढा, त्याच्यावर कोट वाळत घालू नका. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी साहेब झाले, कोणाला गुण द्यायची वेळ आली, आणि एखादा शब्द कळला नाही, तर लाजू नका, विचारा. शून्य लिहायला एक क्षणही लागत नाही. ते खोडायला मात्र कितीजणांना सारे काही पणाला लावावे लागते, ते मी माझ्या या चार पायांवर उभा राहून पाहिले आहे.